हात लावू नये

पाठीला साबण लावलेला होता आणि समोर भिंतीवर चिठ्ठी होती. ‘वापर झाल्यावर गीझर बंद करावा. – व्यवस्थापक.’ तळ्याकाठच्या त्या लॉजमध्ये ही चिठ्ठी मी चार दिवस रोज सकाळी वाचत होतो आणि रोज सकाळी तिला नावं ठेवत होतो. लिहिणाऱ्याने ओळ तिरकी नेली होती आणि खाली सही केली नव्हती. बिनसहीची सूचना म्हणजे नुसती बडबड, हे आमच्या कारखान्यात मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो. पाचव्या दिवशी मात्र ‘व्यवस्थापक’ या शब्दाच्या जागी मला माझीच सही दिसली. पिवळं कार्ड, पांढरा दोरा, ‘हात लावू नये’, खाली माझी सही आणि तारीख. घराच्या दारावरच्या विजेच्या पेटीत, गीझरचा खटका खाली पाडून, मी स्वतःच्या हाताने बांधलेलं. आणि घरात माझे वडील होते, एकटे, या थंडीत. गरम पाणी अंगावरून वाहत होतं तसंच वाहत राहिलं आणि मला हुडहुडी भरली.

ते कार्ड म्हणजे आमच्या देखभाल विभागातली काळ्या दगडावरची रेघ. यंत्रात हात घालायच्या आधी माणूस त्याचा खटका पाडतो, खटक्याला आपल्या सहीचं कार्ड बांधतो, आणि ज्याने बांधलं त्यानेच ते सोडायचं. साहेब आला, साहेबाचा साहेब आला, तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. बावीस वर्षांपूर्वी एकाने लावला होता. घाई होती, कार्डवाला जेवायला गेला असेल असं धरून चालला, आणि आत वाकलेल्या फिटरचा उजवा हात कोपरापासून गेला. त्याला मग भांडारात बसवलं. डाव्या हाताने नट-बोल्ट मोजून द्यायचा आणि कधी चुकायचा नाही. हा किस्सा मी एकदा जेवताना बाबांना सांगितला होता. बाबांनी घास हातातच ठेवला. ‘चांगला नियम आहे,’ ते म्हणाले. ‘आमच्या धंद्यात म्हणायचो, ज्याने कापलं त्यानेच शिवावं. पण ऐकतंय कोण?’ मला बरं वाटलं. चोपन्नाव्या वर्षी बापाने आपल्या कामाला चांगलं म्हटलं की बरं वाटतं, त्यात लाजायचं काय? त्या रात्री मी भाताची एक मूद जास्त घेतली होती, हे सुद्धा आठवतंय.

बाबा शिंपी. म्हणजे होते, आता दुकान नाही, मशीन नाही, आई नाही. आई गेली आणि मी त्यांना आमच्याकडे घेऊन आलो, त्याला नऊ महिने झाले. येताना दोन पिशव्या आणि गळ्यात मापाची टेप, एवढाच संसार. टेप अजून गळ्यात असते. आमच्या घरात ते पाहुण्यासारखे राहतात. पंखा लावू का, विचारतात. वर्तमानपत्र वाचून झालं की घडीवर घडी घालून न वाचल्यासारखं परत ठेवतात. ‘बाबा, तुमचंच घर आहे हो,’ असं माझी बायको दिवसातून चारदा म्हणते, अगदी मनापासून म्हणते. पण आपल्या घरात माणसाला हे कुणी चारदा सांगत नाही, एवढं त्यांना कळत असणारच. त्यांच्या खणात ज्येष्ठांच्या एका निवासाचा छापील अर्ज पडलेला होता. तो मी पाहिलाय हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं, आणि आम्ही दोघं हवापाण्यावर बोलायचो. सहल ठरली तेव्हा त्यांनीच विषय काढला. ‘तुम्ही नऊ दिवस जाऊन या. मी एकटा राहून बघतो इथं जमतं का. आलात की सांगतो, राहतो का तिकडे जातो.’ मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, ‘परीक्षा कुणाची, माझी का तुमची?’ तर म्हणाले, ‘घराची.’ मला ते राहायला हवे होते. हे मी त्यांना सांगितलं नाही, सांगायचं असतं हेही सुचलं नाही. पण हवे होते. लहानपणी मी त्यांच्या मशीनच्या आवाजात झोपायचो. मशीन थांबली की जाग यायची.

आणि त्यांची बोटं. थंडीत ती आखडतात, लाकडासारखी होतात. सकाळी उठल्या उठल्या बादलीत कढत पाणी घेऊन दहा मिनिटं ते हात बुडवून बसतात, मग बोटं सुटतात, मग आंघोळ, मग सदऱ्याच्या गुंड्या एकेक करून वरपर्यंत. गळ्याचीसुद्धा. ‘शिंप्याने गळा उघडा टाकून बसू नये, गिऱ्हाईक काय म्हणेल?’ गिऱ्हाईक नाही राहिलं, तरी म्हणतात. हे सगळं मला माहीत होतं. रोज सकाळी बाथरूमबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभा राहून मीच तर चडफडायचो, की आता किती वेळ.

टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तेव्हा बायको खिडकीशी बसून तळ्याचे फोटो काढत होती. ‘साबण तसाच आहे मानेवर,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘गीझर बंद करून आलो.’ ‘बरं केलंत, चिठ्ठीच लावलीय ना तिथं.’ ‘इथला नाही. घरचा.’ तिला कळायला क्षणभर लागला. मग तिने फोन खाली ठेवला. ‘अहो, पण बाबा आहेत ना घरी!’ हे ती अशा सुरात म्हणाली की जणू बाबा घरी आहेत ही बातमी मला आत्ता तिच्याकडूनच कळत होती. आणि खरं सांगायचं तर तसंच होतं.

आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली आहे. गावाला जाताना काय काय बघायचं याची. मीच केलेली, प्लास्टिकमध्ये घालून. गॅसचा कॉक, पाण्याचा मुख्य नळ, गीझर, बाल्कनीची कडी, दूधवाला. अकरा वर्षं आम्ही घर रिकामं ठेवून जातो आणि अकरा वर्षं मी यादीवर बोट ठेवून एकेक करत जातो. बायको खाली रिक्षात बसून हाका मारत असते. या वेळी मी डोकं चालवलं होतं, उगाच नाही. गॅसपाशी बोट आलं तेव्हा म्हटलं, बाबांना चहा लागेल, राहू दे. नळापाशी म्हटलं, राहू दे. दूधवाला, राहू दे. आणि गीझरपाशी बोट आलं, आणि मी स्टूल घेतलं, खटका पाडला, कार्ड बांधलं, दोऱ्याला कारखान्यातली दुहेरी गाठ मारली. स्टुलावरून खाली बाबांकडे बघत मी म्हटलंसुद्धा, ‘येतो हं बाबा, सांभाळा.’ ते खाली उभे होते. वर बघत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल माझाच.

पण विसरलो असंही म्हणवत नाही. तिथंच तर घोडं अडतं. दोन महिन्यांपूर्वी बाबांकडून गीझर दिवसभर चालू राहिला होता. आम्ही संध्याकाळी आलो तर बाथरूममध्ये वाफ, भिंती घामेजलेल्या, नळ उघडला तर पाणी नव्हे, उकळी. मी ओरडलो. बापावर आवाज चढवला, आयुष्यात पहिल्यांदा. ‘एक खटका बंद करायचा लक्षात राहत नाही? टाकी फुटली असती म्हणजे?’ बाबा टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिले, सोडवत राहिले. दुसऱ्या दिवसापासून आंघोळ झाली की ते मला येऊन सांगायला लागले, ‘बंद केला रे.’ शाळेतल्या मुलाने गृहपाठ दाखवावा तसं. मी ‘हो हो’ म्हणायचो, आणि ते आत गेले की गुपचूप जाऊन बघून यायचो. एकदा बघून वळलो तर ते मागेच उभे. तर स्टुलावर चढताना मला काय आठवलं होतं? पाच दिवसांनी लॉजच्या पलंगावर ओल्या टॉवेलने बसून मी ते नीट शोधून काढलं, कारण शोधून काढणं हेच माझं काम आहे, बंद पडलेल्या यंत्रात हात घालून कुठं काय अडकलंय ते बघणं. मला आठवलं होतं की बाबा विसरतात. तेवढंच आठवलं होतं. बाबा आंघोळ करतात हे नाही आठवलं.

‘फोन करा आधी,’ बायको म्हणाली. फोन मी रोजच करत होतो, संध्याकाळी सातला. काय विचारायचो? ‘सगळं ठीक?’ ‘ठीक.’ ‘जेवलात?’ ‘जेवलो.’ ‘आंघोळ झाली?’ ‘झाली की.’ तिसऱ्या दिवशी आवाज जरा जड वाटला म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘घसा आहे थोडा, बोललो नाही ना कुणाशी.’ मी त्यावर हसलो होतो. आता ती चारही उत्तरं मी पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघत होतो, आणि त्यात खोटं एकही नव्हतं. आंघोळ झाली होती. कशाने झाली ते मी विचारलं नव्हतं.

सकाळी नऊला माझा फोन बघून ते दचकले. ‘काय रे, सगळे बरे आहात ना?’ मी म्हटलं, ‘बाबा, गीझर…’ ‘हो, बंद आहे,’ ते लगेच म्हणाले. ‘मी हात नाही लावला.’ ‘अहो, हात लावायचा! म्हणजे तो चुकून… बाबा, ते कार्ड तुमच्यासाठी नव्हतं हो.’ अगदी साध्या आवाजात, खरोखर जाणून घ्यायचं असावं तसं, त्यांनी विचारलं, ‘मग कुणासाठी होतं?’

घरात दुसरं कोण होतं? बायको हाताने खुणा करत होती, सांगा, वर करायला सांगा. ‘बाबा, स्टूल घ्या, नाहीतर काठीने, खटका वर ढकला. कार्ड तोडून टाका.’ ‘बरं.’ ‘आत्ताच करा.’ ‘करतो रे.’ ‘आणि एवढे दिवस गॅसवर तरी तापवायचं पाणी!’ हे मी पुन्हा चढ्या आवाजातच म्हणालो, माझं मेलं तोंडच तसलं. ते म्हणाले, ‘पातेलं उचलवत नाही. बोटं धरत नाहीत, सांडलं म्हणजे?’ मी म्हटलं, आम्ही निघतो, आज रात्रीच पोचतो. तेव्हा मात्र त्यांचा आवाज एकदम दुकानातला झाला, उधारी मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी व्हायचा तसा. ‘नऊ म्हणजे नऊ. ठरलंय आपलं. मधेच आलास तर मी दार उघडणार नाही.’ आणि मग, मऊपणाने, ‘सूनबाईंना तळं आवडलं का?’

समोरच्या शिक्षिकाबाईंकडे आमची किल्ली असते. बायको म्हणाली त्यांना सांगू, दोन मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. काय सांगायचं त्यांना? बापाचं गरम पाणी तोडून सहलीला आलोय, तेवढं जोडून द्या? चव्हाट्यावर कशाला. एवढ्या सगळ्यातही मला माझी अब्रू आठवली, हेही लिहून ठेवायला हवं. संध्याकाळी सातला पुन्हा फोन केला. ‘केला चालू?’ ‘हो, केला.’ ‘पाणी आलं गरम?’ ‘छान आलं.’ आणि मी सुटलो! काय सांगू, इतकी भूक लागली मला. आम्ही तळ्याला पूर्ण वळसा घातला, पाय दुखेपर्यंत चाललो, बायकोने मला टोपी घेऊन दिली. उरलेले चार दिवस मी रोज सकाळी ती तिरकी चिठ्ठी वाचत, कढत पाण्याने, भरपूर वेळ आंघोळ केली. बाबांना टोपी शोभेल का, यावर आमची चर्चासुद्धा झाली. त्यांच्यासाठी एक लोकरी हातमोज्यांचा जोड घेतला. ते राहणार, असं मी धरून चाललो होतो. चूक कबूल केली की मिटते, अशी आपली एक समजूत असते.

नवव्या दिवशी दुपारी पोचलो. दार बाबांनी उघडलं, आणि मी त्यांच्याकडे न बघता आधी वर पेटीकडे बघितलं. हे त्यांनी बघितलं. कार्ड तिथंच होतं. खटका खाली. दोऱ्याला माझीच दुहेरी गाठ, जशीच्या तशी. मग मी त्यांच्याकडे बघितलं. सदरा स्वच्छ, इस्त्रीचा, आणि खालच्या दोनच गुंड्या लागलेल्या. गळा उघडा. चोपन्न वर्षांत मी त्यांच्या गळ्याचं हाड पाहिलं नव्हतं.

‘बाबा, तुम्ही म्हणालात की केला चालू.’ ‘म्हणालो,’ ते म्हणाले. ‘नाहीतर तू धड जेवला नसतास तिकडे.’ ‘अहो, पण मी सांगितलं होतं ना सोडा म्हणून!’ ‘फोनवर सांगितलंस.’ ते खुर्चीत बसले, सावकाश, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून. बोटांचे सांधे सुजून जांभळट झाले होते. ‘तुमच्याकडे चालतं का, फोनवर सोडलेलं?’ त्यांना खरंच उत्तर हवं होतं. चालत नाही. बांधणाऱ्याने स्वतः येऊन, स्वतःच्या हाताने सोडावं लागतं, हे मीच शेकडो माणसांना शिकवलंय. ‘नाही चालत,’ मी म्हटलं. ‘तेच म्हटलं मी,’ बाबा म्हणाले. यात टोमणा असता तर मी भांडलो असतो. बाबांना टोमणा मारता येत नाही, सगळं वाईट त्यातच आहे.

मी स्टूल ओढलं. गाठ सुटेना, दाताने तोडली. खटका वर केला. ‘वीस मिनिटांत तापेल,’ मी स्टुलावरूनच ओरडलो, बैल गेला आणि झोपा केला. बायको त्यांच्या पायाशी बसून हातमोजे घालायला बघत होती. अंगठा आत जाईना. ‘राहू दे गं,’ ते तिला म्हणाले. ‘पहिले चार दिवस जड गेले. मग जमलं. तिकडे सकाळी गरम पाणी मिळेलच असं नाही, मी विचारून घेतलंय फोनवर. आधीच सवय झाली ते बरं झालं.’ टेबलावर अर्ज होता. भरलेला. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत मी लहानपणी ते गिरवलेलं. अर्जावर ते मुंग्या पसरल्यासारखं दिसत होतं; आखडलेल्या बोटांनी किती वेळ लागला असेल त्याला. ‘खाली तुझी सही लागते,’ ते म्हणाले. ‘मुलाची. त्याशिवाय ते घेत नाहीत.’

मी भांडलो. भांडलो, रडलो, बायकोही रडली. ‘चूक झाली माझी, बाबा. एका चुकीसाठी कुणी घर सोडतं का?’ ते म्हणाले, ‘चुकीसाठी नाही रे. चूक असती तर पहिल्याच दिवशी फोन करून तुला म्हटलं असतं, गाढवा, माझं पाणी बंद करून गेलास. तुझ्या आईला म्हटलं असतं. मला तसं म्हणता आलं नाही. वाटलं, असेल त्याच्या मनात काही. पाच दिवस मी ते कार्ड वाचलं आणि मला एकदाही वाटलं नाही की ही चूक आहे.’ मग म्हणाले, ‘तेवढंच बघायचं होतं.’

मी सही केली. तारीख घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या निवासाची गाडी यायची होती. मी पहाटेच उठून गीझर लावला आणि बाथरूममध्ये उभा राहिलो, लाल दिवा विझेपर्यंत. विझला. टाकी भरून गरम पाणी, हात लावला तर भाजेल असं. ‘बाबा, तापलंय.’ ‘बरं,’ म्हणून ते टॉवेल घेऊन आत गेले. मी बाहेर उभा. आमचा गरम पाण्याचा नळ उघडताना किरकिरतो. दोन वर्षं झाली, वायसर बदलायचं राहिलंय, दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या घरात असंच असतं. मी त्या किरकिरीची वाट बघत होतो. दुसरा नळ उघडल्याचा आवाज आला. बादली भरली. पहिला तांब्या अंगावर पडला तेव्हा त्यांनी श्वास आत ओढला, तो बाहेर ऐकू आला. मग दुसरा तांब्या. मग तिसऱ्याला श्वास नाही ऐकू आला.

बाहेर आले तेव्हा सदरा घातलेला होता, समोरून उघडा. बायको खाली गाडी बघायला गेली होती. त्यांनी गुंड्यांशी थोडी झटापट केली आणि मग माझ्यासमोर येऊन हनुवटी वर केली, दुकानात मी गिऱ्हाइकांना करताना बघितली होती तशी. ‘तेवढ्या लाव,’ ते म्हणाले. मी खालून सुरुवात केली. एकेक करत वर गेलो. गळ्याची लावताना माझी बोटं त्यांच्या मानेला लागली. मान बर्फासारखी गार होती.

‘हात गरम आहेत तुझे,’ बाबा म्हणाले, आणि त्यांनी पिशवी उचलली.